सिस्टर अर्लीनची वीस मिनिटं

आमच्या चर्चमध्ये कुणी माइकसमोर उभं राहून नुसता घसा खाकरला, तरी मी त्याच्याखाली एक स्वर धरते. त्यात माझा काही मोठेपणा नाही, हाताला सवय आहे. सूचना वाचणारी बाई "तळघरात चिकन तयार आहे" एवढंच सांगायला उठते, पण "तळघरात" म्हणून ती श्वास घ्यायला थांबली की माझा उजवा हात जातोच, आणि त्या चिकनला असं काही वजन येतं की मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या "हो रे देवा" म्हणून मान डोलावतात. डेट्रॉइटच्या आमच्या पूर्व भागात पद्धतच अशी आहे. बोलणारा एकटा बोलत नाही. त्याच्याखाली ऑर्गन असतो, आणि ऑर्गनवर माझ्यासारखी एखादी बाई असते, जिचं नाव पत्रिकेच्या शेवटच्या पानावर, फुलं देणाऱ्यांच्या यादीनंतर येतं.

रेव्हरंड गॅडिसना मी एकतीस वर्षं साथ केली. ते एक वाक्य टाकायचे आणि थांबायचे, मी उत्तर द्यायची, मग ते पुढचं वाक्य टाकायचे. शेवटी शेवटी तर ते काय म्हणणार हे त्यांच्याआधी मला कळायचं. एखाद्या रविवारी त्यांचा आवाज बसलेला असला तर मी पट्टी गुपचूप अर्ध्या स्वराने खाली घ्यायची. त्यांना ते कधी समजलंही नाही. लोक म्हणायचे, रेव्हरंडच्या जिभेवर देव येऊन बसतो. बसत असेल, पण तो वर चढायचा माझ्या खांद्यावर पाय देऊन. तीन वर्षांपूर्वी रेव्हरंड गेले. त्यांच्या अंत्यविधीला सात जण बोलले आणि सातही जणांना साथ मीच केली.

आता माझं सांगते. माझी स्वतःची एक रचना आहे, 'बेल्व्हिडिअर रस्त्यावरची सकाळ', अठरा मिनिटांची. घरी एक छोटा विजेवरचा कीबोर्ड आहे. त्यावर हेडफोन लावून मी ती वीस वर्षं जुळवत आले. माझ्या नवऱ्याला मरेपर्यंत फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू आली. तो म्हणायचा, "अर्लीन, तुझं संगीत ऐकलं की वाटतं, कुणीतरी घाईघाईने तक्रार अर्ज टाइप करतंय." त्याच्याखेरीज त्या टकटकीलाही दुसरा श्रोता नव्हता. अडुसष्टावं लागलं तशी मला धास्ती वाटायला लागली, की मी मेल्यावर पुतण्या कीबोर्ड विकून मोकळा होईल आणि ही रचना होती हे कुणाला माहीतही नसेल. एकदाच, मोठ्या ऑर्गनवर, माणसांसमोर, कुणाच्याही बोलण्याखाली न दबता ती वाजवायची, एवढी एकच गोष्ट मला या वयात हवी होती.

तर ऑक्टोबरमध्ये डॉ. कॉर्डेलिया स्वेन नावाच्या प्राध्यापकबाई आमच्याकडे आल्या. आपल्या काळ्या लेखकांचा आणि संगीतकारांचा एक परिसंवाद त्यांनी ठरवला होता, 'सर्जनाच्या मुळाशी'. विद्यापीठाच्या सभागृहातला हीटर ऐन वेळी बंद पडला होता, म्हणून त्यांना आमचं चर्च आठवलं होतं. विश्वस्तांनी हॉल फुकट दिला. मी मात्र अडून बसले.

"शेवटची वीस मिनिटं माझी," मी म्हटलं. "माझी रचना. छापा तसं."

"अवश्य, सिस्टर अर्लीन. लोकपरंपरेचा आवाज आम्हाला हवाच होता."

"लोकपरंपरेचा नाही, माझा आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं, आणि पत्रिकेत खरंच छापूनही आलं: चार ते चार वीस, सिस्टर अर्लीन मॅकनायर, स्वतःची रचना. ती पत्रिका मी फ्रिजवर लावली. साडेचारला हॉल एका लग्नाच्या तालमीसाठी द्यायचा होता, त्यामुळे वेळ इकडची तिकडे व्हायला जागाच नव्हती. निदान मला तरी तसं वाटलं.

शनिवारी दुपारी एकला हॉल भरला. व्यासपीठावर तीन पाहुणे. पहिला कादंबरीकार लुशियस बॉइकिन. हा आमच्याच दोन गल्ल्या पलीकडचा, लहानपणी प्रार्थनेच्या आधीच प्रसादाचे पाव खाऊन बसायचा. आता तो व्हरमाँटच्या डोंगरात राहतो आणि आमच्या गल्लीवर लिहितो. गल्लीवर इतकं लिहितो की गल्लीत यायला त्याला सवड होत नाही. दुसरी कवयित्री झुवेना. आमच्या बालगायकांत होती तेव्हा तिचं नाव डेब्रा होतं. आता डेब्रा म्हणून हाक मारली तर ती ऐकलं नाही असं दाखवते, पण मान वळतेच. तिसरा सॅक्सोफोनवाला रोलंड पेटवे. डोक्यावर टोपी, गळ्यात वाद्य, आणि ते वाद्य त्याने संध्याकाळपर्यंत तोंडाला लावलं नाही.

मी माझ्या जागी, ऑर्गनवर बसले होते. तिथे बसायला मला कुणी सांगितलं नव्हतं, पण चार वाजता धावत यायला नको म्हणून आधीच जाऊन बसले. शेजारी ड्रमवर क्लिओटिस. हा निवृत्त बस ड्रायव्हर, सव्वीस वर्षं माझ्या बाजूला बसतोय. त्याला काही वाजवायचं नव्हतं. तो चिकनसाठी आला होता.

स्वेनबाईंनी सुरुवात केली. "माझा एकच साधा प्रश्न आहे. त्याचे चार भाग आहेत."

चार भाग ऐकता ऐकता पंधरा मिनिटं गेली. प्रश्न साधारण असा होता, की तुम्ही कसं लिहिता.

"मी पहाटे चारला उठतो," लुशियस म्हणाला. "पेन्सिलने लिहितो. आपले पूर्वज टाइप करत नव्हते."

आणि तो थांबला. तो पाणी प्यायला थांबला होता हो. पण वाक्य जिथे संपलं होतं ती जागा नेमकी रेव्हरंड थांबायचे तसली होती. माझा उजवा हात गेला. तीनच स्वर, हलके, खालच्या अंगाला.

"सांग, लेका," मागून कुणीतरी म्हणालं.

लुशियसने ग्लास खाली ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हॉलकडे पाहिलं. "ते टाइप करत नव्हते," तो पुन्हा म्हणाला, या वेळी जरा सावकाश. मी उत्तर दिलं. "ते शेतात वाकत होते." मी उत्तर दिलं. "आणि मी माझ्या टेबलावर वाकतो." हॉलमधून "हो, हो" असा आवाज आला आणि एक बाई उभी राहिली. आपली पेन्सिल एवढी पवित्र आहे हे बहुधा लुशियसलाही त्याच क्षणी कळलं असावं. खिशातून रुमाल काढून त्याने कपाळ पुसलं. घाम अजून आला नव्हता, पण रुमालाची वेळ झालीये हे त्याच्या बालपणाने त्याला सांगितलं.

मग त्याने कादंबरीतला उतारा वाचला. त्याचं एक वाक्य दोन पानांचं असतं. व्हरमाँटमध्ये ते कुणी शेवटपर्यंत वाचत असेल असं मला वाटत नाही. पण इथे मी ते वाक्य त्याला सात ठिकाणी तोडून दिलं, प्रत्येक तुकड्याखाली पाट मांडून. लोकांनी त्या वाक्यावर टाळ्यांचा पाऊस पाडला.

आता दुसऱ्या दोघांच्या पोटात दुखणार हे ओघानेच आलं.

"मी कविता लिहीत नाही," झुवेना म्हणाली. "कविता माझं शरीर वापरून जाते." ती थांबली, आणि मान न वळवता पाठीमागे हाताची दोन बोटं हलवून तिने मला खूण केली. लहानपणी गाणं चुकलं की सावरून घ्यायला अशीच खूण करायची. मी काय करणार? सावरून घेतलं.

"शरीर वापरून जाते आणि मला विचारतही नाही," ती म्हणाली.

"निर्लज्ज कुठली," पुढच्या बाकावरच्या एक आजी कवितेला उद्देशून म्हणाल्या, आणि हॉल हलला.

पेटवेने तर लाजच सोडली. "सिस्टर, माझ्याखाली जरा काहीतरी ठेवा ना. मंद. पांढऱ्या पट्ट्यांतलं." मग डोळे मिटून म्हणाला, "माझं संगीत चर्चमधून येतं. माझ्या रक्तात ढोल आहे." मला त्याच्या घरचे माहीत आहेत. आई दातांची डॉक्टर, वडील वकील, आणि ते ज्या चर्चला जायचे तिथे चाळीस मिनिटांत सगळं आटपतं आणि कुणी मोठ्याने शिंकलं तरी लोक वळून बघतात. पण मी खाली मंद काहीतरी ठेवलं आणि त्याच्या रक्तात ढोल आला.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी क्लिओटिस माझ्याकडे झुकला. "अर्लीन, हात आवर."

"का?"

"तू वाजवतेस म्हणून ही माणसं थांबत नाहीयेत. ऑर्गन मिळाल्यावर आजवर कुणी थोडक्यात आटपलंय का? रेव्हरंडला बारा मिनिटांचं प्रवचन द्यायला सांगितलं होतं तेव्हा काय झालं आठव. स्वतःची वीस मिनिटं तूच खातेयस."

त्याचं खरं होतं आणि मला ते ऐकून धक्का बसला. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. लुशियस तेव्हा त्याच्या आजीबद्दल सांगत होता. आजीने त्याला एकदा म्हटलं होतं की बाळ, तू लिही. त्याची आजी मला चांगली माहीत होती. ती त्याला म्हणायची की बाळ, तू आधी कचरा टाकून ये. असो. "आजी म्हणाली," असं म्हणून तो थांबला. मी हलले नाही. हॉल वाट पाहायला लागला. लुशियसही वाट पाहायला लागला. ती शांतता इतकी अवघडलेली होती की जणू कुणीतरी विवस्त्र उभं असावं. हात मांडीखालीच होते, पण माझा डावा पाय गेला. ऑर्गनच्या पायाखालच्या पेडलमधून एक लांब खर्ज निघाला, आणि लुशियसची आजी पुन्हा बोलायला लागली.

"पायही बांधू का?" क्लिओटिसने विचारलं.

"तू गप्प बस."

साडेतीनला प्रश्नोत्तरं सुरू झाली. एक गृहस्थ उठले, म्हणाले, "प्रश्न नाही, निवेदन आहे." त्यांनी स्वखर्चाने चार खंडांचं आत्मचरित्र काढलं होतं आणि तिसऱ्या खंडात पार्किंगच्या दंडावर प्रकरण होतं. ते मध्ये मध्ये थांबत होते. मी त्यांनाही साथ दिली. देवाशपथ सांगते, मला नको होती द्यायला. पार्किंगच्या दंडावर लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एका मुलीने विचारलं की लेखक व्हायचं असेल तर काय करावं, आणि तिघांनी मिळून तिला वीस मिनिटं सांगितलं की ते सांगता येत नाही.

या तीन तासांत व्यासपीठावर कला म्हणजे काय, साधना म्हणजे काय, परंपरा कुणाची, सगळं झालं. ऑर्गनकडे पाठ करून झालं. मला एकाने एक प्रश्न विचारला, तो म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांतलं काही ठेवाल का.

चारला पाच कमी होते तेव्हा मी स्वेनबाईंकडे बघून घड्याळावर बोट ठेवलं. त्या गोड हसल्या. चार वाजून दहाला त्या म्हणाल्या, "आता समारोपाकडे वळताना," आणि वळल्या नाहीत. चार वाजून सोळाला दारात नवरीकडची मंडळी फुलांचे खोके घेऊन उभी राहिली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायची सवय नाही. माझ्या जागेवरून कुणी बोलत नाही.

अखेर चार वाजून एकोणिसाव्या मिनिटाला स्वेनबाई म्हणाल्या, "आणि आता सिस्टर अर्लीन आपल्यासाठी वाजवतील," आणि कागद आवरायला लागल्या.

मी 'बेल्व्हिडिअर'चे पहिले स्वर लावले. हॉलमधला एकूण एक माणूस उठून उभा राहिला.

क्षणभर मला वाटलं, मानाने उठले. मग त्यांनी कोट घालायला घेतले. त्यात त्यांची तरी काय चूक? आमच्यात बोलणं संपून ऑर्गन एकटा वाजायला लागला की त्याचा अर्थ एकच असतो: झालं, चला. लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. "तुझा गुडघा कसा आहे?" "चिकन आहे ना खाली?" "मांडीचे तुकडे संपायच्या आत जा." लुशियसच्या पेन्सिलीसाठी जी बाई उभी राहिली होती, तिने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "छान वाजवतेस गं, चालू ठेव," आणि जिन्याकडे गेली. मी वाजवत राहिले. माझी वीस वर्षं लोकांच्या पायाखालून तळघरात चालली होती.

आणि एवढ्यात लुशियस परत माइकपाशी आला. तो तरी काय करणार? उभे लोक आणि वाजता ऑर्गन एकत्र दिसले की आमच्याकडच्या माणसाला राहवत नाही.

"जाता जाता," तो म्हणाला, "एकच शब्द."

लोक थांबले. आणि माझे हात, माझे स्वतःचे दोन हात, 'बेल्व्हिडिअर' अर्ध्यावर टाकून त्याच्या मागे गेले.

हे मला आजही माफ करता येत नाही. त्याला करते, तो मूर्ख आहे. हातांना करत नाही. लुशियस म्हणत होता, "एकांत. लेखकाला एकांत लागतो," आणि मी त्याच्या एकांताला भरगच्च स्वर देत होते. मी हातांकडे पाहिलं आणि माझं डोकं तापलं. म्हटलं, बरं. तुला ऑर्गन हवा आहे ना? घे.

उन्हाळ्यात रेव्हरंड फार लांबले आणि बायाबापड्या पंखे हलवून थकल्या, की मी एक करायची. पट्टी अर्धा स्वर वर न्यायची. बोलणाऱ्याला कळत नाही, पण आवाज आपोआप वर जातो, श्वास आखूड होतो. रेव्हरंडना दोन पायऱ्या पुरायच्या. लुशियसला मी एक पायरी चढवलं. "एकांतात मी रडतो," तो वरच्या आवाजात म्हणाला. आणखी एक. "रडतो आणि लिहितो." क्लिओटिसला माझा डाव कळला. त्याने गपचूप काठ्या उचलल्या आणि खालून लय वाढवायला सुरुवात केली. तिसरी पायरी, चौथी. लुशियस आता अर्धा गात होता, पायाच्या चवड्यांवर उभा होता, रुमाल खरोखरच भिजला होता. "लिहितो आणि फाडतो." पाचवी. "फाडतो आणि..." सहाव्या पायरीवर त्याचा आवाज फाटला. तोंड हलत राहिलं, शब्द येईना. पांढरे हातमोजे घातलेल्या दोन सेविका, जशा एखाद्याच्या अंगात आल्यावर येतात, तशा आल्या आणि त्याला दोन्हीकडून धरून खुर्चीत बसवून वारा घालू लागल्या.

मी हात उचलले. मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. उठले, माइकपाशी गेले.

"बसा सगळे," मी म्हटलं. "कोट घातलेले तसेच बसा. आता मी वाजवणार आहे, आणि ते संपेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. 'आमेन' नाही, 'सांग' नाही, 'हो रे देवा' नाही. लग्नवाल्यांनो, तुम्हीही बसा. नवरा पळून जात नाही."

माझ्याखाली कुणी वाजवत नव्हतं, त्यामुळे ते फार कोरडं आलं. पण लोक बसले.

मी पहिलं वाक्य वाजवलं. मोठ्या ऑर्गनवर ते हेडफोनपेक्षा किती चांगलं वाजलं म्हणून सांगू. पहाटेची थंडी, आमच्या रस्त्यावरची पहिली बस, सगळं होतं त्यात. वाक्य संपलं आणि मी थांबले. रचनेत तसंच होतं. मग दुसरं वाक्य, आणि थांबले. तिसरं, आणि थांबले.

हॉलमध्ये कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. मीच तशी ताकीद दिली होती. आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा ऐकू आलं की मी थांबतेय. प्रत्येक वाक्यानंतर, तेवढ्याच वेळासाठी, कुणीतरी बोलावं म्हणून. घरी हेडफोनमध्ये त्या जागा कधी मोकळ्या वाटल्या नव्हत्या, कारण डोक्यात रेव्हरंड बोलत असायचे. कुणाच्याही खाली न दबता वाजवायची म्हणून वीस वर्षं सांभाळलेली माझी रचना ही एका प्रवचनाची साथ होती. फक्त प्रवचन करणारा मेला होता.

मला लाज वाटली. रेव्हरंडचा राग आला, आणि लगेच त्यांची इतकी आठवण आली की डोळे भरून पट्ट्या दिसेनाशा झाल्या. पण हात चालत होते. अठरा मिनिटं मी तशीच वाजवली, सगळ्या मोकळ्या जागांसकट.

शेवटचा स्वर विरला. मग सगळे एकदम उठले आणि या वेळी कोटासाठी उठले नव्हते.

पेटवे टोपी हातात घेऊन आला. "सिस्टर, त्या मोकळ्या जागा. एवढं धाडस मला तीस वर्षांत झालं नाही."

"त्या शांततेत माझी आजी उभी होती," झुवेना म्हणाली.

लुशियसने ओल्या टॉवेलमधून डोकं काढलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "मिस अर्लीन, ते माझ्या एकांताला उत्तर होतं का?"

स्वेनबाई वही काढून उभ्याच होत्या. "न बोललेल्यांचा इतिहास. हे तुम्ही जाणीवपूर्वक घडवलंत ना? त्या शांततेमागची प्रक्रिया सांगाल?"

तीन तास मी या माणसांना मनात हसत होते. पेन्सिलीला हसले, रक्तातल्या ढोलाला हसले. आता चौघेही माझ्याकडे तोंड करून उभे होते, आणि माझ्या रचनेबद्दल मला पहिल्यांदाच कुणीतरी प्रश्न विचारला होता. खरं उत्तर माझ्या तोंडात होतं. मी म्हटलं, "सुरांना दोन वर्षं लागली. उरलेली अठरा वर्षं मी शांततेवर काम करतेय."

चौघांनी "अहाहा" केलं. मी पुढे म्हटलं, "शांतता माझं ऐकत नाही. मी तिचं ऐकते." हे कुठून आलं मला माहीत नाही. पण ते म्हणताना इतकं गोड लागलं की मी नंतर खाली जाऊन चिकनही खाल्लं नाही, आणखी पंधरा मिनिटं उभी राहून बोलले. लग्नवाल्यांनी आमच्याभोवतीच फुलं लावली.

सगळे गेल्यावर क्लिओटिस ड्रमवर चादर घालत होता.

"तेवीस होत्या," तो म्हणाला.

"काय तेवीस?"

"जागा. मोजल्या मी. सगळ्या चार-चार मात्रांच्या." त्याने चादरीचं टोक खोचलं. "रेव्हरंडचा दम चार मात्रांचा होता."

मी ऑर्गनचा दिवा बंद केला. त्याला वाटलं असावं की मला लागलं, म्हणून तो जवळ आला. "मी एकदा 'आमेन' म्हणणार होतो, अर्लीन. पार तोंडापर्यंत आलं होतं. पण तू नको म्हणाली होतीस."

"बरं केलंस," मी म्हटलं, आणि मग त्याच्यासमोर रडले. सव्वीस वर्षांत तेही पहिल्यांदाच.

पुढच्या आठवड्यात स्वेनबाईंचं पत्र आलं. विद्यापीठ माझ्या रचनेचं ध्वनिमुद्रण करणार होतं. वसंतात परिसंवाद, विषय शांतता, मी व्यासपीठावर, खुर्चीत, तोंड लोकांकडे. तळाशी एक ओळ होती: मोकळ्या जागांना कृपया धक्का लावू नये, रचनेचा प्राण त्याच आहेत.

पत्र मी तीनदा वाचलं. जागा ठेवल्या तर रचना माझी नाही. भरल्या तर ज्या रचनेचं त्यांना कौतुक आहे ती उरत नाही. माझं नाव मोठ्या अक्षरात छापून येणार होतं, आणि मला ते किती हवं होतं हे मी लपवत नाही. दोन दिवस पत्र फ्रिजवर होतं.

तिसऱ्या दिवशी मी स्वेनबाईंना कळवलं की मुद्रण इतक्यात जमणार नाही, काम अपुरं आहे. मग हेडफोन लावले, पहिलं वाक्य वाजवलं, आणि पुढच्या चार मात्रांत हात घालून पाहिला. हात जाईना. त्यांना तिथे थांबायचीच सवय.

पहिली जागा भरायला नऊ दिवस लागले. अजून बावीस आहेत.